मोठी खाऱ्या पाण्याची टाकी: मासे कोणते निवडावेत?

धागा: जलतरंग

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय. आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभी राहिली आहे. ८ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे कागदावर साधारण १,७०० लिटर. खडक आणि वाळू वजा जाता पाणी अर्थातच त्याहून कमी. खाली सम्प (गाळणीची जोडटाकी) आहे, त्यात चांगला मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बसवलाय. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकले आहेत, नायट्रेट दिसू लागलंय. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५ ते २६ अंश. पाणी तयार आहे, मासा अजून एकही नाही.

घरात सगळ्यांनी मिळून एक यादी केली आहे:

इम्पेरर एंजल, निळा टँग, पिवळा टँग, पाउडर ब्लू टँग, नासो टँग, मूरिश आयडल, क्लाउन ट्रिगर, लायनफिश, हिरव्या क्रोमिसचा थवा, क्लाउनफिशची जोडी आणि मँडरिन. शिवाय जमल्यास थोडी प्रवाळं.

एवढ्या मोठ्या टाकीत हे सगळं बसेल असं वाटतंय. पण टाकायच्या आधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा. काय ठेवू, काय काढू, आणि आधी कोण, नंतर कोण?

प्रतिसाद: शिंपला

जलतरंग, पाणी तयार असताना थांबून विचारताय हे फार चांगलं केलंत. बहुतेक प्रश्न मासे टाकून झाल्यावर येतात, आणि तेव्हा उत्तर असूनही उपयोग नसतो. आठ फुटांच्या टाकीत आत गेलेला मासा परत पकडायचा म्हणजे सगळे खडक बाहेर काढावे लागतात.

तुमची यादी वाचली. हे सगळे मासे सुंदर आहेत, पण ही एका टाकीची यादी नाही. यातून तीन वेगवेगळ्या टाक्या होतील.

लायनफिशच्या तोंडात जो मासा मावतो, तो त्याचं खाद्य. तो दिवसभर पंख पसरून स्वस्थ असतो म्हणून गरीब वाटतो, पण दिवे मंदावले की क्रोमिस एकेक करून कमी व्हायला लागतील. क्लाउन ट्रिगर लहानपणी देखणा आणि भित्रा असतो. तोच समुद्रात ५० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, आणि वाढताना स्वभाव इतका तापट होत जातो की शेवटी बहुतेकांकडे टाकीत तो एकटाच उरतो. मूरिश आयडल मी कुणालाही सुचवणार नाही. समुद्रात त्याचा मोठा आहार स्पंज असतो, बंद पाण्यात तो खायला लागला तरी बऱ्याचदा हळूहळू खंगत जातो. तोच आकार, तोच मागे फडकणारा लांब पांढरा तुरा हवा असेल तर हेनिओकस बटरफ्लाय घ्या. त्यातही डिफ्र्यूटीस जातीचा. तो थव्याने राहतो, पाण्यात तरंगणारं खातो आणि काटक आहे. त्याचा भाऊबंद अक्युमिनेटस जवळपास तसाच दिसतो, पण तो प्रवाळं टोचतो.

आता मुद्द्याचं. यादी करताना आपण दुकानातल्या काचेमागे दिसतो तेवढाच मासा डोळ्यांसमोर ठेवतो. प्रत्येक नावापुढे त्याची पूर्ण वाढलेली लांबी लिहा. नासो ४५ सेंटीमीटर, इम्पेरर ४० सेंटीमीटर, निळा टँग ३०. मग तीच यादी पुन्हा वाचा. टाकीत जागा आहे म्हणून मोठे मासे भरत गेलं की आठ फुटांची टाकीसुद्धा कोंदट दिसू लागते. तीच टाकी मध्यम आकाराच्या थव्याने आणि दोन-चारच मोठ्या माशांनी अथांग दिसते.

म्हणून माझा एकच प्रश्न: या यादीतला असा कोणता मासा आहे, ज्याच्याशिवाय ही टाकी तुम्हाला तुमची वाटणार नाही? तो एक सांगा. बाकी यादी त्याच्यापासून उलटी मागे रचायची.

प्रतिसाद: निळीशाई

शिंपलाताईंशी बऱ्याच अंशी सहमत. पण मोठ्या माशांना अगदी हद्दपार करू नका. १,७०० लिटर पाणी रोज रोज कुणाच्या वाट्याला येत नाही. थवे लहान टाकीतही ठेवता येतात. इम्पेररसारखा मोठा पोमॅकँथस एंजल मनासारखा पोहताना बघायचा तर अशीच टाकी लागते.

इम्पेररबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो माझा अतिशय लाडका मासा आहे. पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी वर्तुळं, एकात एक. मोठा मासा मात्र पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा, डोळ्यांवर काळा मुखवटा. हा बदल महिनोन्‌महिने चालतो. आधी शेपटीकडची वर्तुळं तुटतात, ओळी सरळ व्हायला लागतात, मधल्या काळात अंगावर दोन्ही नक्ष्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात आणि मासा काही दिवस चक्क मळकट वाटतो. अंगावर पिवळा रंग कुठून शिरतोय हे रोज काचेपाशी उभं राहून बघण्यासारखं असतं.

घेताना साधारण ८ ते १० सेंटीमीटरचा घ्या. त्याहून बारकं पिल्लू प्रवासात खचतं, आणि पूर्ण वाढलेला मासा नव्या जागी खायलाच मागत नाही. त्याला स्पंज घातलेलं गोठवलेलं एंजल खाद्य हवं, सोबत नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि माइसिस (बारीक कोळंबीसारखे जीव).

एक अट आहे. इम्पेरर असेल तर मऊ-मांसल प्रवाळं विसरा. आज नाही टोचली तर उद्या टोचेल.

ट्रिगर हवाच असेल तर क्लाउन ट्रिगरऐवजी ब्लूथ्रोट ट्रिगर बघा. तो पाण्याच्या मधल्या थरात तरंगतं खाद्य टिपतो. नर-मादीची जोडी एकत्र राहते, नराचा गळा निळा आणि पंखांना पिवळी किनार. सगळ्या ट्रिगरांमध्ये मला तरी हा सर्वात सभ्य वाटतो. कोळंबी-खेकडे मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

प्रतिसाद: मंदप्रवाह

क्रोमिसबद्दल लिहितो. हिरवे क्रोमिस दहा-बारा आणावेत आणि थवा बघावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. प्रत्यक्षात त्यांच्यात उतरंड लागते. सर्वात दुबळ्याला बाकीचे टोचतात, तो गेला की त्याच्या वरचा. वर्षभरात थव्याचे दोन-तीन उरतात. रोज अनेक वेळा खायला मिळालं तर हे थोडं लांबतं, टळत नाही.

मोठ्या टाकीत वरचा थर भरायला अँथियस घ्या. पहिल्यांदाच ठेवत असाल तर लायरटेल, कारण अँथियसांत तोच काटक. एक नर आणि पाच-सहा माद्या. माद्या नारिंगी, डोळ्याखालून जांभळी रेघ गेलेली. नर जांभळट-गुलाबी, पाठीवरच्या पंखाचा एक काटा लांब दोऱ्यासारखा वर आलेला. सगळ्या जन्मतः मादी असतात. नर मेला की माद्यांमधली सर्वात वरचढ मादी काही आठवड्यांत नर होते. म्हणून दोन नर विकत आणायची गरज नाही, आणू पण नका.

अँथियसना दिवसातून एकदा खाणं घालून भागत नाही. समुद्रात ते दिवसभर प्रवाहात तोंड करून येणारे बारीक जीव टिपत असतात. तीन वेळा तरी खाणं हवं. स्वयंचलित खाद्ययंत्र लावा, दोन वेळा बारीक पेलेट त्यातून आणि एकदा गोठवलेलं हाताने. हे जमणार नसेल तर अँथियस घेऊ नका, उगाच पोट खपाटीला गेलेले मासे बघत बसावं लागतं.

त्यांच्या जोडीला पिरॅमिड बटरफ्लाय. बहुतेक बटरफ्लाय प्रवाळांवर जगतात, त्यातले काही तर दुसरं काही खातच नाहीत आणि टाकीत उपाशी मरतात. हा अपवाद. प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातो, पाच-सहा एकत्र पोहतात, पांढऱ्या अंगावर पिवळे कोपरे, लांबूनही उठून दिसतो.

आणि जेनिकँथस. हाही एंजलच, पण खडक कुरतडण्याऐवजी मोकळ्या पाण्यात प्लवक टिपणारा. लॅमार्क एंजलची जोडी या आकाराच्या टाकीत फार शोभते. नर ओळखायचा तो काळ्या पोटपंखांवरून. हे मासे खोल पाण्यातून येतात, वर आणताना घाई झाली तर हवेच्या पिशवीला इजा होते. घेण्याआधी दहा मिनिटं नुसते बघत उभे राहा. डोकं खाली करून सतत शेपटी मारत पोहणारा, किंवा थांबला की आपोआप वर जाणारा मासा घेऊ नका.

प्रतिसाद: कोळंबी

वाचतेय. मंदप्रवाह काकांना एक प्रश्न: आमच्याकडच्या लहान टाकीतून रास मासा उडी मारून बाहेर पडला. मोठ्या टाकीतही उड्या मारतात का?

प्रतिसाद: मंदप्रवाह

मारतात. फेअरी रास, फ्लॅशर रास, अँथियस, फायरफिश, सगळेच. टाकीच्या खोलीशी त्याचा काही संबंध नाही, मासा दचकला की पृष्ठभाग फोडतो. दिवे एकदम बंद होणं हे सर्वात मोठं निमित्त. झाकण काचेचं नको, पाण्यात प्राणवायू मिसळायला अडथळा होतो आणि उष्णता कोंडते. बारीक पारदर्शक जाळी चौकटीत ताणून बसवा. पाइप आणि वायरी जिथून आत जातात त्या कोपऱ्यातली फटसुद्धा बुजवा. मासा नेमका तीच शोधतो.

प्रतिसाद: शेवाळ

टँगांवर अजून कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोठ्या टाकीत खरी भांडणं यांचीच होतात.

टँगांना सर्जनफिश हे नाव शेपटीच्या मुळाशी असलेल्या काट्यामुळे पडलं. पिवळ्या टँगचा काटा पांढरा असतो, स्पष्ट दिसतो. तो मिटलेला असतो तोवर निरुपद्रवी, पण मासा शेपटी फिरवून बाजूला सपकारा मारतो तेव्हा दुसऱ्याच्या अंगावर लांब चीर पडते. हातावरही पडू शकते, म्हणून टँग हाताने धरू नका.

टँग मुख्यतः आपल्यासारख्या आकाराच्या आणि रंगाच्या माशाशी भांडतो, कारण समुद्रात त्याच शेवाळावर हक्क सांगणारा तोच असतो. झेब्रासोमा (पिवळा टँग यातला) गोल, पंख शिडासारखे उंच. अकँथुरस (पाउडर ब्लू यातला) लंबगोल. नासो लांबट आणि मोकळ्या पाण्यातला. टेनोकिटस गटातले, म्हणजे कोले किंवा टोमिनी, ब्रशसारख्या दातांनी खडकांवरचा थर विंचरून खातात. म्हणून एकेका गटातला एकच टँग घेतला तर बरीच शांतता राहते. तुमच्यासाठी: पिवळा, निळा, कोले, आणि नासो घ्यायचाच तर एक. पाउडर ब्लू वगळा. तो टाकीतला सर्वात देखणा आणि सर्वात त्रासदायक टँग होईल. त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही फार पटकन धरतो.

आणि हे महत्त्वाचं: सगळे टँग एकाच दिवशी सोडा. आधी आलेला मालक होतो आणि मागून येणाऱ्याला जगू देत नाही. एकाच वेळी सोडले तर कुणाचंच घर ठरलेलं नसतं. मागाहून एखादा घालावाच लागला तर छिद्रांच्या पारदर्शक पेटीत टाकीतच काही दिवस ठेवा. जुने मासे पेटीवर धडका मारायचे थांबले की सोडा.

खडकांची भिंत रचली असेल तर मोडा. दोन-तीन वेगळी बेटं करा, मधून आरपार पोहायला वाट, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचा मासा थेट दिसणार नाही अशी आडोशाची मांडणी. अर्धी भांडणं नजरेला नजर भिडल्यामुळेच होतात.

खायला रोज नोरी, क्लिपला लावून, शक्यतो दोन ठिकाणी. एकाच ठिकाणी लावली तर दांडगा मासा क्लिपवर पहारा देतो.

प्रतिसाद: जलतरंग

काय लिहिलंत सगळ्यांनी! रात्री सगळे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. शिंपलाताईंचा प्रश्न सगळ्यांना विचारला आणि उत्तर एकमताने आलं: इम्पेरर. म्हणजे प्रवाळं गेली. त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण आता यादी एकदम सुटसुटीत वाटायला लागली.

लायनफिश, क्लाउन ट्रिगर, मूरिश आयडल, पाउडर ब्लू आणि क्रोमिस काढले.

आता दोन शंका. मँडरिनचं काय? आणि क्वारंटाइन खरंच सगळ्यांसाठी लागतं का? दुकानदार म्हणतात की मासे आमच्याकडे महिनाभर आहेत, ठणठणीत आहेत, थेट सोडा.

प्रतिसाद: शिंपला

इम्पेरर म्हणालात, बरं वाटलं. मी स्वतः थव्यांची बाजू घेते, पण मन ज्याच्यावर आहे तो मासा सोडून केलेली टाकी फार दिवस नीट सांभाळली जात नाही.

मँडरिन आत्ता नको. तो दिवसभर खडकांवरून फिरत कोपेपॉड नावाचे बारीक जीव एकेक करून टिपतो. तुमचे खडक नवे आहेत, त्यांच्यावर एवढे जीव अजून वाढलेले नाहीत. टाकी वर्षभर मुरू द्या. तेव्हासुद्धा रास मासे ठेवलेत तर तेही तेच कोपेपॉड खात असतील, म्हणून गोठवलेलं खाद्य खायला शिकलेला, पैदास केंद्रातला मँडरिनच घ्या.

आता क्वारंटाइन. हो, सगळ्यांसाठी, एकही अपवाद न करता. का ते नीट समजून घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे होतो. माशाच्या अंगावर आपल्याला जो ठिपका दिसतो ती त्याच्या आयुष्याची एकच अवस्था. तीन ते सात दिवस तो कातडीखाली खातो, मग गळून खाली पडतो, वाळूवर किंवा खडकावर कवच करून बसतो आणि आत विभागत राहतो. कवच फुटलं की पोहणारी पिल्लं शेकडोंनी बाहेर येतात, त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडावा लागतो. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले याचा अर्थ मासा बरा झाला असा नाही. परजीवी फक्त माशावरून वाळूत गेलेला असतो. शिवाय कल्ल्यांमध्ये असेल तर ठिपका दिसतच नाही. दुकानात महिनाभर राहिलेला मासासुद्धा तिथल्या सामाईक पाण्यात रोज नव्या माशांबरोबर असतो, तेव्हा तो महिना मोजायचाच नाही.

मुख्य टाकीत एकदा तो शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस रिकामी ठेवावी लागते, कारण काही कवचं फुटायला दहा आठवड्यांच्या आसपास घेतात. आठ फुटांच्या टाकीतून सगळे मासे काढायचे! त्यापेक्षा दाराशीच अडवणं सोपं.

क्वारंटाइनची टाकी उघडी-बोडकी हवी. तळाला वाळू नको, खडक नको, लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे, मुरलेला स्पंज फिल्टर, हीटर, वर जाळी. वाळू-खडक नको कारण तांब्याचं औषध ते शोषून घेतात आणि पाण्यातली पातळी खाली येते. तांब्याची पातळी औषधाच्या प्रकारानुसार वेगळी असते, बाटलीवरची सूचना पाळा आणि टेस्ट किटने रोज मोजा. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. दोन दिवसांत हळूहळू चढवा, उपचाराच्या पातळीवर ३० दिवस ठेवा. रास आणि बुटके एंजल तांब्याला नाजूक असतात, त्यांच्यासाठी आणखी सावकाश. मुख्य टाकीत तांबं कधीही नाही, कोळंबी, गोगलगायी सगळं संपतं.

एक रोग याहून घातक आहे, वेल्व्हेट. अंगावर पिठासारखी बारीक सोनेरी भुकटी, तीही तिरप्या उजेडातच दिसते. त्याआधी मासा पंपाच्या प्रवाहात तोंड घालून राहतो, उजेड टाळतो आणि श्वास भराभर घेतो. ठिपक्यांच्या रोगात हातात काही दिवस असतात, यात तासांचा हिशेब असतो. ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी उपचार सुरू.

प्रतिसाद: निळीशाई

ताईंच्या क्वारंटाइनला जोड म्हणून: घेतानाच अर्धी निवड होते. दुकानात माशाला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर कितीही देखणा असो, तिथेच ठेवा. मग डोळ्यांच्या मागे, पाठीच्या वरच्या कडेला बघा. तिथलं मांस आत बसलेलं असेल तर मासा बराच काळ उपाशी आहे. पोट खपाटीला गेलेलं एक वेळ भरून येतं, पाठ बसलेली फार क्वचित. डोळे स्वच्छ हवेत, दोन्ही कल्ले सारखे हलायला हवेत. एकच कल्ला मिटून श्वास घेत असेल तर आत काहीतरी चिकटलेलं आहे असं समजा.

प्रतिसाद: कोळंबी

मासे कुठून येतात यावरही कुणी लिहाल का? घरातले विचारतात की समुद्रातून उपसून आणलेले मासे काचेत ठेवायचे का, आणि माझ्याकडे धड उत्तर नसतं.

प्रतिसाद: शेवाळ

प्रश्न योग्य आहे आणि निवडीचाच भाग आहे.

फिलिपिन्स आणि इंडोनेशियात काही ठिकाणी मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड फवारत आले आहेत. बेकायदा आहे, तरी पूर्ण थांबलेलं नाही. त्याने आजूबाजूची प्रवाळं मरतात, आणि मासा आठवडाभर ठीक दिसून मग अचानक जातो. त्यामुळे मासा कुठल्या भागातला, कसा पकडलेला, हे विचारायची सवय ठेवा. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी बाजू आशेची आहे. क्लाउनफिश आता सर्रास पैदास केंद्रातले मिळतात, समुद्रातले घ्यायचं काही कारणच उरलेलं नाही. पिवळ्या टँगची पिल्लं २०१५ मध्ये हवाईच्या ओशियानिक इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्यांदा वाढवता आली, निळ्या टँगची २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. टँगांच्या अळ्या फारच नाजूक आणि दीर्घकाळ तरंगत राहणाऱ्या असतात, त्यामुळे हे जमायला इतकी वर्षं लागली. पैदास केलेला पिवळा टँग बाजारात येतो. लहान असतो, पण पेलेट पहिल्याच दिवशी खातो आणि परजीवी घेऊन येण्याची शक्यता कमी असते. मिळत असेल तर तोच घ्या.

बांगाई कार्डिनल हा मासा तर पैदास केलेलाच घ्यावा. तो इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या परिसरातला, आणि बाजारासाठी इतका उपसला गेला की आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंद झाली. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं बाहेर येतात ती थेट चिमुकले मासे होऊनच. त्यामुळे घरच्या टाकीतसुद्धा वाढवता येतात.

तुमच्या घरच्यांना सांगण्यासारखं आणखी एक: सर्जनफिश समुद्रात ३०-४० वर्षं जगतात. काचेमागे तो दोन वर्षांत मेला तर ते त्याचं आयुष्य नव्हतं. माशाला त्याचं पूर्ण आयुष्य देता येणार असेल तरच तो घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद: जलतरंग

शेवाळ, शेवटचा परिच्छेद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

हे सगळं धरून नवा आराखडा केलाय. पहिल्या तुकडीत क्लाउनफिशची जोडी आणि बांगाई कार्डिनल, दोन्ही पैदास केलेले. दुसरीत लायरटेल अँथियस, एक नर सहा माद्या, आणि दोन-तीन फेअरी रास. तिसरीत पिरॅमिड बटरफ्लाय पाच आणि लॅमार्क एंजलची जोडी. चौथीत पिवळा, निळा, कोले आणि नासो, चौघे एकदम. पाचवीत ब्लूथ्रोट ट्रिगरची जोडी. सगळ्यांत शेवटी इम्पेरर, एकटा.

फॉक्सफेस घ्यावा का, हे ठरत नाहीये. शेवाळ खातो म्हणून मोह होतोय.

प्रतिसाद: मंदप्रवाह

उत्तम आराखडा. दोन बदल सुचवतो.

तुकड्यांमध्ये घाई नको. प्रत्येक वेळी मासे वाढले की अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना तेवढं वाढायला वेळ लागतो. क्वारंटाइनमुळे दोन तुकड्यांत महिना-दीड महिना आपोआप पडतोच, तो पुरे. अँथियसच्या तीन वेळच्या खाण्याने नायट्रेट चढेल, पाणी बदलायचं वेळापत्रक त्याच हिशेबाने ठेवा.

फॉक्सफेस जरूर घ्या, टँगांच्याच तुकडीत. टँगांशी त्याचं सहसा पटतं, आणि बरेच फॉक्सफेस ते गोल फुगे येणारं शेवाळ खातात, ज्याला इतर मासे तोंड लावत नाहीत. पण त्याच्या पाठीवरचे काटे विषारी आहेत. जाळीत पकडू नका, काटे अडकतात. भांड्यात हाकलून घ्या. हात घालताना तो कुठे आहे ते आधी बघा. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, आणि सूज किंवा धाप वाटली तर लगेच डॉक्टर.

प्रतिसाद: निळीशाई

नासोबद्दल शंका आहे. तो आठ फुटांतही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चार-पाच सपकाऱ्यांत जातो. इम्पेरर पूर्ण वाढला की मोठ्या माशांचा भार बराच होईल. मी असतो तर दोघांतला एकच ठेवला असता.

प्रतिसाद: शेवाळ

मी नासो ठेवला असता. मोकळ्या पाण्यात तो जसा पोहतो तसा दुसरा टँग पोहत नाही, आणि मोठ्या टँगांत तो स्वभावाने मवाळ. खडकांची बेटं लहान ठेवून लांबी मोकळी सोडली तर आठ फूट त्याला चालतात. यावर निळीशाई आणि माझं पूर्वीपासून जमत नाही.

प्रतिसाद: शिंपला

जलतरंग, नासोचा निर्णय चौथ्या तुकडीपर्यंत पुढे ढकला. तोवर टाकी कशी दिसते, नायट्रेट कुठे राहतं, तुमच्याकडून खाणं घालणं किती नियमित होतं, हे सगळं कळेल. न घेतलेला मासा नंतर कधीही घेता येतो. फक्त टँग एकदम सोडायचा नियम पाळायचा असेल तर त्या दिवशी हो किंवा नाही हे पक्कं करा.

प्रतिसाद: कोळंबी

शेवटचा प्रश्न. एवढ्या मोठ्या टाकीत क्लीनर रास ठेवला तर तो सगळ्यांचे परजीवी खाऊन टाकेल ना?

प्रतिसाद: शिंपला

नाही. तो ज्या बारीक किड्यांवर जगतो ते क्वारंटाइन केलेल्या माशांवर नसतातच, आणि क्रिप्टोकॅरिऑन कातडीच्या आत असतो, तिथे त्याचं तोंड पोचत नाही. बहुतेक क्लीनर रास टाकीत उपाशी मरतात. समुद्रात मात्र एकेका रासकडे माशांची रांग लागते, तेव्हा त्याला तिथेच राहू द्यावं. क्लीनर कोळंबी हा एरवी बरा पर्याय, पण जलतरंगांच्या टाकीत ट्रिगर येणार आहेत, म्हणून तीही नको.

प्रतिसाद: जलतरंग

ठरलं. नासो तूर्त प्रलंबित. जाळीची चौकट करायला घेतली आहे, पाइपांच्या कोपऱ्यासकट. क्वारंटाइनच्या टाकीतला स्पंज मुरण्यासाठी महिनाभर सम्पमध्ये टाकून ठेवलाय, आणि क्लाउन-कार्डिनल पैदास केलेलेच मिळतील अशी चौकशी झाली आहे. पहिली तुकडी आत गेली की याच धाग्यावर रोजची निरीक्षणं लिहीन. तांब्याचं किट कोणतं वापरता, रंग जुळवायचं की आकडा दाखवणारं, तेवढं कुणी सांगा.

प्रतिसाद: शिंपला

आकडा दाखवणारं. उपचाराच्या पातळीजवळचा रंगातला फरक डोळ्याला नीट कळत नाही. आणि औषध तांब्याच्या कोणत्या प्रकारचं आहे, त्याला ते किट चालतं का, हे दोन्ही विकत घेण्याआधी ताडून बघा.